जोडीचं वाक्य

चहाच्या दुकानात पाठीमागच्या बाकावरचा माणूस जे घोकत होता ते ओळखीचं आहे, हे लू दाओचुनच्या आधी त्याच्या उजव्या हाताला कळलं. वाटीतला चहा निवत आला होता, आणि टेबलाच्या ओल्या लाकडावर त्याचं बोट आपसूक एक बारीकसं वर्तुळ काढत होतं. निबंधातल्या चांगल्या वाक्याशेजारी तांबड्या शाईचं वर्तुळ काढायचं, बऱ्याशा वाक्याशेजारी नुसता ठिपका. तीस वर्षं तो हेच काम करत आला होता. बोट थांबलं तेव्हा मग कान उघडले. "न सांगता ज्याला दुसऱ्याची थंडी कळते, तो पोटचा, सांगूनही ज्याला कळत नाही, तो परका." नदीच्या वरल्या अंगाच्या खेड्यांतला हेल होता. 'पोटचा' म्हणताना तो माणूस आवाज खाली आणायचा आणि 'परका' म्हणताना वर न्यायचा, बाजारात भाव सांगावा तसा.

"पुन्हा म्हण. फार पळतोस तू," त्याचा सोबती म्हणाला.

"पळालो तर काय होतंय? परीक्षक काय ऐकायला बसलाय तिथं?"

"अरे पण ओळ काय आहे. हिवाळ्यावर, वडीलधाऱ्यांच्या सेवेवर विषय येऊ दे नुसता, मी ही जशीच्या तशी ठोकणार."

"तू ठोकणार, मी ठोकणार, निम्म्या कोठड्या ठोकणार. मग परीक्षक आपल्याला ठोकणार."

दोघं हसले. टोफूच्या कात्रणांची बशी एकाने दुसऱ्याकडे सरकवल्याचा आवाज आला. "आहे कुणाची रे ही?" "छापील निबंधाखाली नाव आहे की. कुणी हे यूशान म्हणून आहे. पास होऊन सुटला असणार बेटा. असं लिहिणारा काय आपल्यासारखा तिसऱ्यांदा इथं येऊन चहा पितो होय?"

लू दाओचुन उठला. चहाचे पैसे त्याने दिले असावेत, कारण कुणी हाक मारली नाही. आठवा महिना लागून सहा दिवस झाले होते आणि नानजिंगमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. दोन प्रांतांतले परीक्षार्थी, त्यांचे नोकर, त्यांच्या सोबत आलेले काका नि मामा, कंदील विकणारे, टोपल्या विकणारे, शकुन सांगणारे. नदीकाठच्या रस्त्याने चालायचं तर खांदा तिरका करूनच चालावं लागत होतं. रस्त्याकडेच्या झाडांना बारीक पिवळी फुलं आली होती आणि त्यांचा तो गोड, जरा जास्तच गोड वास खारवलेल्या बदकांच्या वासात मिसळून गळ्याशी येत होता. हे यूशान. त्या नावाचा माणूस जगात नव्हता. ते नाव लू दाओचुनने पुस्तकं छापून विकणाऱ्या फू शेटच्या दुकानाच्या माडीवर बसून, खिडकीतून समोरचं छप्पर बघत, एका क्षणात तयार केलं होतं. ती ओळ त्याच्या मुलीची होती. हुइनिंगची. पहिल्या महिन्यात तिला वूहूमध्ये पुरून आठवा महिना उजाडला होता, आणि आता तिसऱ्या दिवशी हजारो पुरुष परीक्षेच्या आपापल्या कोठडीत, गुडघ्यांवर फळी घेऊन, तिचा हिवाळा उतरवून काढणार होते.

विषय तसा आलाच तर. आला नाही तर नाही काढणार. त्याने स्वतःला हे बजावलं आणि लगेच जाणवलं की या विचारालाही जोडी लागली आहे. आला तर, नाही आला तर. एका पायावर त्याच्या डोक्यात काही उभंच राहत नसे. आठ पायांचा निबंध लिहायला तो सहाव्या वर्षी शिकला होता. आधी ऋषींच्या वचनातला विषय दोन वाक्यांत फोडायचा, मग तो उचलायचा, मग पायांच्या चार जोड्या, डाव्याला उजवा, शब्दाला शब्द, आणि या सगळ्यात आपण स्वतः कुठेही बोलायचं नाही. ऋषी जिवंत असते तर काय बोलले असते ते बोलायचं. पाच वेळा तो परीक्षेला बसला नि पाच वेळा पडला. पण पडलेल्यांमध्ये निबंध वाचणारा असा दुसरा कुणी नाही, हे फू शेटने ओळखलं. "गुरुजी," तो म्हणाला होता, "पास होणारे पास होऊन जातात, मग ते काय कामाचे? मला इथं राहणारा माणूस पाहिजे." तेव्हापासून दर परीक्षेआधी निवडक निबंधांचा संग्रह निघे, मुखपृष्ठावर लू दाओचुनची निवड आणि खुणा असं छापलेलं असे, आणि रस्त्यातले अनोळखी लोक त्याला मान लववत.

चाळिशीत एकदा त्याने वडिलांविषयी लिहायला घेतलं होतं. कुणासाठी नाही, आपलं आपल्यापुरतं. वडील बदकं विकायचे, त्यांच्या डाव्या डोळ्यात फूल पडलेलं होतं, आणि लू दाओचुन दुसऱ्या परीक्षेच्या कोठडीत असताना ते बाजारातून येता येता रस्त्याच्या कडेला बसले ते उठलेच नाहीत. एवढंच सांगायचं होतं. लिहून झाल्यावर त्याने वाचलं तर कागदावर एक माणूस होता ज्याचा एक डोळा जवळचं पाहत होता आणि दुसरा दूरचं. वाक्य सुरेख तोललेलं होतं. वडिलांना त्या डोळ्याने काहीही दिसत नव्हतं, ते त्या बाजूने येणाऱ्या हातगाड्यांना नेहमी धडकायचे, आणि धडकल्यावर गाडीवाल्याचीच माफी मागायचे. पण ती धडक आणायची तर समोरच्या पायात दुसरी काय आणायची? दोन दिवस त्याने विचार केला आणि कागद चुलीत घातला. मित्राला हे सांगितलं तेव्हा मित्र म्हणाला, "अरे, हल्ली शहरात बायकोला चिठ्ठी लिहायची तरी लोक आधी विषय फोडतात. नाटकातली नायिका मरताना चार जोड्या पुऱ्या करून मरते. तू एकटा काय वेगळा निघणार?"

हुइनिंगला त्याने शिकवलं ते गंमत म्हणून. सात वर्षांची असताना ती शिष्यांच्या मागे भिंतीला टेकून बसायची आणि तो अर्धं वाक्य टाकायचा तेव्हा शिष्यांच्या आधी दुसरं अर्धं टाकायची. "पूर्वेच्या खिडकीत बांबू," तो म्हणायचा. "पश्चिमेच्या चुलीवर भात," ती म्हणायची, आणि शिष्य हसायचे, पण सूर, तोल, सगळं बरोबर असायचं. बारा वर्षांची झाली तेव्हा ती पूर्ण निबंध लिहायला लागली. बायको म्हणायची, "अहो, तिला हे कुठं लागणार आहे? पुढे मागे घरच्यांशी चार शब्द नीट बोलता यायला हवेत." "बोलेल की, कुणाहीपेक्षा नीट बोलेल." त्याला तेव्हा अभिमान वाटायचा. आता रस्त्याने चालताना त्याला आठवत होतं की मुलीशी तो कधी दुसऱ्या कशाविषयी बोललाच नव्हता. ताप आलेला असताना तिने त्याला तापावर एक जोडी करून दाखवली होती आणि त्याने तिच्या कपाळाला हात लावायच्या ऐवजी त्यातला एक शब्द बदलून दिला होता. शब्द कोणता ते आठवत होतं. कपाळ किती तापलं होतं ते आठवत नव्हतं, कारण ते त्याला कधी ठाऊकच झालं नव्हतं.

वूहूच्या बाओंकडे तिला दिलं तेव्हा ती अठरा वर्षांची होती. तुंगच्या बियांचं तेल काढून विकणारं घर, पैसा होता. धाकटा दीर परीक्षेची तयारी करत होता आणि त्याच्या पुस्तकांच्या कपाटात लू दाओचुनचे तीन संग्रह होते. मध्यस्थाने हेच पुनःपुन्हा सांगितलं होतं. नवरा वर्षातले आठ महिने तेलाबरोबर होडीवर असे. पहिल्या वर्षी दोन पत्रं आली, साधी, शिरस्त्याची. मग मागच्या दहाव्या महिन्यात ते तिसरं आलं.

त्या दिवशी अंगणात मोहरीचा पाला खारवायला काढलेला होता. बायकोचे हात कोपरापर्यंत मिठाच्या पाण्यात होते. त्याने दारातल्या उजेडात उभं राहून पाकीट फोडलं आणि पहिल्याच ओळीला त्याचा श्वास हलका झाला, कारण ते पत्र नव्हतंच, तो निबंध होता. हिवाळ्यात वडीलधाऱ्यांची सेवा कशी करावी, या जुन्या वचनावरचा. विषय फोडला होता दोनच वाक्यांत. पहिली जोडी: "थोरांचं अंथरूण उबवणारीने स्वतःच्या अंथरुणाची चौकशी करू नये, थोरांच्या ताटात वाढणारीने स्वतःच्या ताटाकडे पाहू नये." दुसरी जोडी कोठारात निजण्याविषयी होती: तेलाच्या पिंपांशेजारी निजणारीने विस्तव मागू नये, कारण तेल घराचं असतं, आणि पोटात वाढलेलं गळून गेलं तर रडू नये, कारण तेही घराचंच होतं. मग ती तिसरी, न सांगता थंडी कळण्याची. तो ती उभ्या उभ्या चार वेळा वाचून गेला.

"काय लिहिलंय हो?" बायकोने विचारलं.

"फार सुंदर लिहिलंय."

"ते नाही विचारलं. कशी आहे पोर?"

"बरी आहे. सासूच्या सेवेबद्दल लिहिलंय."

"थंडीचं काही म्हणते? मागच्या वर्षीच तिचं जाकीट विरलं होतं."

"थंडीबद्दलच आहे सगळं," तो म्हणाला. बायकोने मान हलवली, पाल्याची एक जुडी पिळली आणि मडक्यात दाबून बसवली.

पत्रं दीर वाचतो, मग बाहेर जातात, हे त्याला माहीत होतं. मागच्याच पत्रात तिने तसं लिहिलं होतं. सेवेवरचा निबंध दिराने कौतुकाने वाचला असेल आणि नानजिंगला जाऊ दिला असेल. त्या घरात कुणालाही उघडता येणार नाही अशी एकच पेटी तिच्यापाशी होती, आणि तिची किल्ली आपल्या बापाकडे आहे असं ती समजत होती. लू दाओचुनच्या मनात हे आज पहिल्यांदा एवढं सरळ आलं, बदकवाल्याच्या दुकानासमोर, गर्दीने त्याला एका खांबाशी दाबून धरलं होतं तेव्हा. त्या दिवशी मात्र तो टेबलाशी बसला, तांबडी शाई उगाळली आणि तिच्या पत्रावर खुणा केल्या. तिसऱ्या जोडीशेजारी वर्तुळं, एकेका अक्षराला एकेक. शेवटी तिने लिहिलं होतं की सध्या वारा उत्तरेचा आहे आणि नानजिंगहून वर येणाऱ्या होड्या तीन दिवसांत पोचतात. त्या ओळीवर त्याने आडवी रेघ मारली. समासात लिहिलं: "सुरुवात भक्कम, मधले पाय अप्रतिम. शेवट सैल. विषयाशी संबंध नाही. इथे लिहिणारीचा स्वतःचा आवाज आला आहे, तो काढावा." आणि शिष्यांना पाठवत असे तसं ते तिचं तिला परत पाठवून दिलं.

तिसरी जोडी तेवढी त्याने उतरवून ठेवली होती. फू शेट त्या दिवसांत रोज माडीवर यायचा. "गुरुजी, छपाईचे ठोकळे कोरणारे हात बांधून बसलेत. हिवाळ्यावरचा एक द्या, झालं." हाताशी असलेला निबंध बेताचा होता, मधे एक भोक होतं, आणि हुइनिंगचे दोन पाय त्या भोकात असे बसले की जणू निबंध त्यांचीच वाट बघत होता. खाली नाव हवं होतं. बाईचं नाव घालता येत नव्हतं. नव्या वर्षाला तिला एक प्रत पाठवायची आणि त्या ओळीपाशी काही न लिहिता फक्त दुमड घालायची असं त्याने ठरवलं होतं. ती पान उघडेल, तिला कळेल, ती हसेल. हे ठरवताना त्याला खरोखर आनंद झाला होता. आजही तो आनंद त्याला आठवत होता आणि त्यात कुठेही खोट सापडत नव्हती, हेच भयंकर होतं.

नव्या वर्षानंतर अकराव्या दिवशी दिराचं पत्र आलं. वहिनींना ताप आला, औषधाला यश आलं नाही. थोरांच्या डोळ्यांतलं पाणी खळत नाही, धाकट्यांच्या गळ्याखाली घास उतरत नाही. ते वाचताना लू दाओचुनच्या मनात आलं की दुसरा पाय एका शब्दाने आखूड पडलाय. मग त्याने बायकोला हाक मारली. पुढच्या काही दिवसांचं त्याला नीट आठवत नव्हतं. बायको जमिनीवर बसली होती आणि तिची एक चप्पल दाराबाहेर पडली होती, एवढं आठवत होतं. तो एकटा वूहूला गेला. तीन दिवसच लागले. बाओंनी त्याला मानाने ठेवून घेतलं, सासूने डोळ्यांना पदर लावला, दिराने आपले निबंध पुढे ठेवले आणि गुरुजींनी सवडीने नजर घालावी असं म्हटलं. सकाळी मागच्या अंगणात लघवीला जाताना तेलाच्या कोठाराचं दार अर्धवट उघडं होतं. त्याने आत पाहिलं नाही. दिराच्या दोन निबंधांवर मात्र खुणा करून दिल्या.

तिचं सामान म्हणून एक लहान पेटी मिळाली. वसंतात बायको त्यातलं जाकीट उसवायला बसली. कापूस धुऊन पुन्हा वापरता येईल असं म्हणत होती, पण कापूस नव्हताच, जो होता तो काखेत गोळा झालेला, आणि छातीपाठीला अस्तराच्या आत कागद शिवलेले होते. टाके बारीक, व्यवस्थित. त्याने पाठवलेले जुने छापील निबंध, आणि डाव्या बाजूला, अगदी छातीवर, ते पत्र. घामाने काही अक्षरं पसरली होती. तांबडी वर्तुळं फिकी पडली होती, पण दिसत होती.

"हे तुमचं ना? तांबडं?" बायकोने विचारलं होतं.

"हो."

"बघा, उराशी धरून ठेवलं होतं पोरीने," ती म्हणाली, आणि बाकीचे कागद बाजूला ठेवून तेवढं पत्र तिने हाताने सपाट करून देव्हाऱ्यातल्या फळीवर, पूर्वजांच्या पाट्यांपाशी ठेवलं. त्याने तिला ठेवू दिलं. कागद थंडीसाठी होते हे तिला कळलं नसेल असं नाही. पण तो कागद थंडीसाठी नव्हता असं समजायची तिला गरज होती, आणि त्यालाही. पाच महिने ते पत्र तिथं होतं. रोज सकाळी ती त्याच्यासमोर उदबत्ती लावत होती.

घरी पोचला तेव्हा ऊन कलायला आलं होतं. भाड्याने दिलेल्या पुढच्या खोलीत तीन परीक्षार्थी मोठमोठ्याने पाठ करत होते. बायको मागच्या दारात शेंगा सोलत बसली होती. तो तिच्या अंगावरून आत गेला, फळीवरचं पत्र काढलं आणि बाहेर येऊन उंबऱ्यावर बसला. हे असं तो कधी बसत नसे.

"काय झालं?"

"तिचं पत्र. मागच्या दहाव्या महिन्यातलं."

"माहिताय मला. तेच आहे ते."

"मी तुला वाचून दाखवलं नव्हतं."

बायकोने शेंगांची टोपली खाली ठेवली. त्याने वाचायला सुरुवात केली. आवाजाने आपसूक सूर धरला, मान किंचित डोलायला लागली, पहिली जोडी पुरी झाली. पुढच्या खोलीतला एक परीक्षार्थी पाठ करायचा थांबला आणि कान देऊन ऐकू लागला असं त्याला वाटलं.

"मला नाही समजत ते," बायको म्हणाली. "ती काय म्हणते ते सांगा."

ते कठीण होतं. इतकं कठीण काही त्याने पाच परीक्षांत केलं नव्हतं. जोडी सोडवायची, एक पाय टाकून द्यायचा, ऋषींना बाजूला सारायचं, आणि उरेल ते एकटं, उघडं, तसंच तोंडातून बाहेर काढायचं.

"थंडी वाजते म्हणते."

बायको त्याच्याकडे वळून बसली.

"मागच्या कोठारात निजवतात. तेलाच्या पिंपांशेजारी. विस्तव लावू देत नाहीत, तेल पेटेल म्हणून." एकेक वाक्य म्हणून झालं की तो दुसऱ्याची वाट बघायचा, आणि दुसरं येत नसे, तिथंच सगळं संपलेलं असे. "जेवायला पुरेसं देत नाहीत. मूल राहिलं होतं. ते पडलं."

"पडलं?"

"हो. पत्र लिहिलं त्याच सुमाराला. म्हणते, न सांगता ज्याला थंडी कळते तो आपला. आणि वारा चांगला आहे. होड्या तीन दिवसांत येतात."

"म्हणजे?"

"म्हणजे, बाबा, मला न्यायला या."

कुणाचा तरी नोकर अंगणातून पाण्याची बादली घेऊन गेला आणि पाणी सांडल्याबद्दल पुटपुटला. बायको त्या सांडलेल्या पाण्याकडे बघत होती. तिच्या बोटांमध्ये एक शेंग राहून गेली होती.

"दहाव्या महिन्यात आलं होतं ना हे?"

"हो. दहाव्याच्या सुरुवातीला."

"आणि ती गेली पहिल्यात."

"हो."

"तीन दिवस," ती म्हणाली. मग कागदाकडे बोट दाखवून, "तुम्ही त्यावर तांबडं काय केलंय?"

त्याने सांगितलं. कोणती वाक्यं चांगली होती ते, शेवट सैल होता ते, रेघ कुठे मारली ते. छापलं तेही सांगितलं, आणि चहाच्या दुकानातलं. काही राखून ठेवलं नाही. आपण हे सगळं सांगतोय हे काहीतरी आहे, याने काहीतरी होईल, असं त्याच्या मनात कुठंतरी होतं. पण सांगून झाल्यावर काहीच झालं नाही. बायकोने हातातली शेंग सोलली, दाणे टोपलीत टाकले. म्हणाली, "म्हणजे तिने ते वाचलं. मग जाकिटात शिवलं." हा प्रश्न नव्हता. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी ती त्याच्याशी लागेल तेवढंच बोलली, भात घ्या, दार लावा, परीक्षार्थी पाणी मागतायत. पत्र तिने परत फळीवर ठेवलं नाही. कुठे ठेवलं ते त्याने विचारलं नाही.

आठव्या तारखेला पहाटेपासून परीक्षार्थी परीक्षेच्या आवारात गेले. दरवाजे बंद होऊन त्यांवर मोहोर लागली आणि नदीकाठचे रस्ते एकाएकी असे रिकामे झाले की जुने रहिवासी एकमेकांकडे बघून हसायला लागले. बायको केस विंचरून, बाहेर जायचा निळा झगा घालून निघाली. तो मागोमाग निघाला. तिने त्याला या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. देवळाच्या मागच्या भिंतीला लागून एक पत्रलेखक बसत असे, ज्यांना लिहिता येत नाही त्यांची पत्रं लिहून देणारा. मोडक्या टेबलाचा एक पाय विटेवर टेकवलेला, आणि त्याच्या मिशीला नेहमी शाई लागलेली. लू दाओचुन या रस्त्याने हजारदा गेला असेल. त्या माणसाच्या टेबलावर काय लिहिलं जातं ते त्याने कधी वाकून पाहिलं नव्हतं.

"बसा मावशी. कुठं पाठवायचंय?"

"मुलीला. जाळून पाठवायचंय."

पत्रलेखकाने मान हलवली, रोजचंच असावं. "नाव, गाव नीट सांगा हं. नाहीतर भलत्याच कुणाला मिळतं तिकडं. मग तुम्ही माझ्या नावाने बोटं मोडाल." त्याने लू दाओचुनकडे पाहिलं, मुखपृष्ठावरचं नाव वगैरे त्याच्या काही गावी नव्हतं. "हे तुमच्याबरोबर?"

"हो," बायको म्हणाली. ती बाकावर टेकली आणि हात मांडीवर ठेवून, शेजारणीशी बोलावं तसं बोलायला लागली. "हुइनिंग, आई बोलतेय. तुझं पत्र मला परवा मिळालं. मला वाचता येत नाही, म्हणून उशीर झाला. तू लिहिलंस ते सगळं कळलं. कोठाराचं कळलं. बाळाचं कळलं. तुझं जाकीट माझ्याकडे आहे. त्यात मी नवा कापूस भरतेय. दहाव्या महिन्यात सगळे लोक गेलेल्यांना कपडे पाठवतात, पण मी तोवर थांबत नाही. लिहिताय ना?"

"लिहितोय. 'तोवर थांबत नाही.' पुढे?"

लू दाओचुन त्याच्या खांद्यामागे उभा होता. अक्षर गचाळ होतं, रेषा वर-खाली गेलेल्या, पण ती बोलत होती ते सगळं तिथं येत होतं, तिच्याच क्रमाने, तिच्याच थांब्यांसकट, आणि एकाही वाक्याला जोडी नव्हती. त्याने आपला उजवा हात डाव्या बाहीत घालून घट्ट धरला होता.

"लिहा," बायको म्हणाली, "की तिथं थंडी वाजली तर कुणाला तरी सांग. नीट सांग. सरळ सांग."

पत्रलेखकाने 'थंडी'चं अक्षर काढायला घेतलं. वरचं छप्पर आलं, मधल्या आडव्या रेघा आल्या, आणि खाली जे दोन लहान ठिपके द्यायचे असतात ते न देताच तो पुढच्या अक्षराकडे वळला.

"ठिपके राहिले," लू दाओचुन म्हणाला. त्याला कळायच्या आत ते तोंडातून निघून गेलं होतं. "खालचे दोन. ते अक्षर चुकलंय."

पत्रलेखकाने कुंचला उचलून धरला आणि बाईकडे पाहिलं.

"राहू दे," ती म्हणाली. तिने मागे वळून पाहिलं नाही. "तिला कळेल." मग पत्रलेखकाच्या हाताकडे बघत ती जरा पुढे सरकून बसली. "कुठं होते मी? हां, कापसाचं. लिहा, कापूस चांगला मिळाला यंदा."